दाण्यात अडकलेला स्फुरद : पशुआहारातील विकरे आणि खनिजे या विषयाची प्रस्तावना

पशुपोषणशास्त्राची सुरुवात रासायनिक पृथक्करणाने झाली. खाद्याचा नमुना जाळून राख करावी, त्या राखेत कॅल्शियम, फॉस्फरस, लोह, जस्त यांचे प्रमाण किती ते मोजावे आणि जनावराची गरज त्या आकड्यांशी ताडून पाहावी, ही पद्धत एकोणिसाव्या शतकात रुजली आणि तिने या शास्त्राला शिस्त लावली. मात्र राखेत सापडणारे खनिज आणि जनावराच्या रक्तात, हाडांत, दुधात किंवा अंड्यात उतरणारे खनिज यांची मापे जुळत नाहीत, ही गोष्ट पुरती ध्यानात यायला विसाव्या शतकाचा मोठा भाग जावा लागला. गव्हाणीत टाकलेल्या खनिजाचा काही अंश आतड्यातून शोषला जातो, उरलेला शेणातून किंवा विष्ठेतून बाहेर पडतो. आणि शोषला जाणारा हा अंश किती असावा, हे ते खनिज खाद्यात कोणत्या संयुगाच्या रूपात आहे, त्याच्या जोडीला दुसरे कोणते पदार्थ आहेत आणि ते संयुग फोडणारे विकर पचनमार्गात आहे की नाही, यांवर ठरते. प्रस्तुत ग्रंथ या प्रश्नाला वाहिलेला आहे. फायटेज हे विकर आणि धान्यातील फॉस्फरस यांचा संबंध हा त्याचा मध्यवर्ती विषय असला, तरी त्या निमित्ताने विकरे आणि खनिजे यांचा विचार एकत्र करण्याची दृष्टी वाचकाला मिळावी, हा त्यामागचा हेतू आहे.

आरंभी काही संज्ञा स्पष्ट केलेल्या बऱ्या. विकर, ज्याला व्यवहारात एन्झाइम असेच म्हटले जाते, हे सजीवांच्या पेशींत तयार होणारे असे प्रथिन आहे की जे एखादी ठरावीक रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणते आणि त्या क्रियेत स्वतः खर्ची पडत नाही. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. पिष्ट फोडणारे विकर प्रथिने फोडत नाही आणि प्रथिने फोडणारे विकर फॉस्फेटला हात लावत नाही. खनिजांचे दोन गट केले जातात. कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, क्लोरीन आणि गंधक ही शरीराला मोठ्या प्रमाणात लागणारी स्थूल खनिजे होत. तर लोह, जस्त, तांबे, मँगनीज, कोबाल्ट, आयोडीन, सेलेनियम यांची गरज एक किलो खाद्यामागे मिलिग्रॅममध्ये मोजावी लागत असल्यामुळे त्यांना सूक्ष्म खनिजे म्हणतात. शेतकऱ्यांना स्फुरद या नावाने परिचित असलेला फॉस्फरस पहिल्या गटातला. जनावराच्या शरीरातील सुमारे ८० टक्के फॉस्फरस आणि ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते, आणि उरलेला फॉस्फरस पेशींच्या पटलांत, जनुकद्रव्यात आणि ऊर्जेची देवघेव करणाऱ्या रेणूंत विखुरलेला असतो. त्यामुळे त्याची टंचाई आली की केवळ हाडे ठिसूळ होऊन भागत नाही. भूक मंदावते, वाढ खुंटते, गाभण राहण्याचे प्रमाण घटते.

खनिजांच्या कमतरतेचा शास्त्रीय शोध प्रथम कुरणांवर लागला. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टेपोर्ट येथे १९०८ मध्ये स्थापन झालेल्या संशोधन संस्थेचे प्रमुख, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले पशुवैद्य अर्नोल्ड थाइलर, यांच्यापुढे गुरांना लुळे करून मारणाऱ्या ‘लामझिक्टे’ या रोगाचे कोडे होते. तेथील जमिनीत आणि म्हणून गवतातही फॉस्फरस फार कमी असल्यामुळे गुरे माळावर पडलेली हाडे चघळत, आणि त्या कुजक्या सांगाड्यांतील जिवाणूंचे विष त्यांच्या पोटात जाऊन ती दगावत, असा उलगडा थाइलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या सुमारास केला. गुरांना हाडांची भुकटी खाऊ घालताच हाडे चघळणे थांबले, रोग हटला आणि वजनही वाढले. रोगाचे निमित्त विष असले तरी मूळ कारण खनिजाची भूक होती, हे या संशोधनाने दाखवून दिले. महाराष्ट्रातल्या गोठ्यांतही जनावरे माती, चिंध्या, चपला, हाडे चघळू लागली की पशुवैद्य ‘पायका’ असे निदान करून प्रथम फॉस्फरसच्या कमतरतेचा संशय घेतात. त्या निदानामागे हीच परंपरा उभी आहे.

पुढची पायरी सूक्ष्म खनिजांची होती. पश्चिम ऑस्ट्रेलियातील डेन्मार्क नावाच्या भागात हिरव्यागार कुरणांवर चरूनही गुरे-मेंढरे झिजून मरत असत. लोहयुक्त खनिज माती दिल्यावर ती सुधारत, म्हणून दोष लोहाच्या कमतरतेचा मानला गेला होता; परंतु एरिक अंडरवुड आणि जॉन फिल्मर यांनी त्या मातीतले घटक एकेक वेगळे करून पाहिले आणि गुण लोहाचा नसून त्यात किंचित मिसळलेल्या कोबाल्टचा आहे, हे १९३५ मध्ये सिद्ध केले. कोबाल्ट शरीरात नेमके काय करतो, याचे उत्तर १९४८ मध्ये ब-१२ जीवनसत्त्व वेगळे केले गेले आणि त्याच्या रेणूच्या केंद्रस्थानी कोबाल्टचा अणू आढळला, तेव्हा मिळाले. दरम्यान अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विल्गस, नॉरिस आणि ह्यूझर यांनी १९३६ मध्ये कोंबडीच्या पिल्लांच्या घोट्यावरील स्नायुबंध सरकून पाय वाकडे होण्याच्या विकाराचा संबंध मँगनीजशी जोडला. त्या विकाराची एक बाजू या ग्रंथाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे: खाद्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट गरजेपेक्षा जास्त घातले की मँगनीज पुरेसे असूनही विकार बळावत असे, कारण आतड्यात तयार होणाऱ्या कॅल्शियम फॉस्फेटच्या साक्यात मँगनीज अडकून पडत असे. एका खनिजाचा अतिरेक दुसऱ्याचा दुष्काळ निर्माण करू शकतो, हे तत्त्व तेव्हापासून पशुपोषणात पक्के झाले.

ही खनिजे शरीरात करतात काय, याचा शोध घेता घेता शास्त्रज्ञ पुन्हा विकरांपाशी येऊन पोहोचले. डेव्हिड कायलिन आणि थॅडियस मान यांनी केंब्रिज येथे १९४० मध्ये कार्बोनिक अनहायड्रेज या विकरात जस्ताचा अणू असतो, आणि त्यावाचून ते निकामी होते, असे दाखवले. हे विकर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून बायकार्बोनेट तयार करते. अंड्याच्या कवचाचा जवळजवळ सर्व भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि त्यातला कार्बोनेट कोंबडीच्या कवचग्रंथीत याच विकराच्या मदतीने तयार होतो. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम ठेवावे लागते. परंतु शिंपल्यांचा चुरा कितीही घातला तरी जस्त कमी असेल तर कवच नीट बनणार नाही. त्याचप्रमाणे सेलेनियम हा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराचा घटक असल्याचे १९७३ मध्ये उघड झाले, तर रक्तवाहिन्यांच्या भिंतींना बळकटी देणारे एक विकर तांब्यावर अवलंबून असते, म्हणूनच तांब्याच्या कमतरतेत पिल्लांची महारोहिणी फुटते. थोडक्यात, सूक्ष्म खनिजांची शरीरातली बहुतेक कामगिरी विकरांच्या द्वारे होते. आणि धान्यात अडकलेले खनिज मोकळे करण्याचे काम पुन्हा विकरच करते. खनिजावाचून विकर चालत नाही आणि विकरावाचून खनिज हाती येत नाही, हे परस्परावलंबन या ग्रंथाचे सूत्र आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. वनस्पती आपल्या बियांत फॉस्फरस साठवतात तो फायटिक आम्लाच्या रूपात. इनॉसिटॉल नावाचा, सहा कार्बन अणूंच्या कड्याचा एक पदार्थ असतो. त्याच्या सहाही कार्बनांना एकेक फॉस्फेट जोडले की फायटिक आम्ल तयार होते, आणि बियाण्यात ते पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांच्या क्षारांच्या रूपात, म्हणजे फायटेट म्हणून असते. अंकुर फुटू लागला की बियाण्यातले फायटेज हे विकर जागे होते, एकेक फॉस्फेट सुटा करते आणि कोवळ्या रोपाला पुरवते. वनस्पतीच्या दृष्टीने ही साठवण चोख आहे; कोंबडी आणि डुक्कर यांच्या दृष्टीने मात्र ती जवळजवळ बंद आहे, कारण रवंथ न करणाऱ्या या जनावरांच्या पचनमार्गात फायटेट फोडण्याची स्वतःची शक्ती अगदी तोकडी असते. मक्यात सुमारे ०.२८ टक्के फॉस्फरस असतो, पण त्यातला फायटेटबाहेरचा भाग साधारण ०.०८ टक्के इतकाच. भाताच्या कोंड्यात फॉस्फरस दीड टक्क्यापर्यंत, म्हणजे मक्याच्या पाचपट, आणि तरीही फायटेटबाहेरचा भाग पाव टक्क्याहूनही कमी. खाद्यातील वनस्पतिजन्य फॉस्फरसचा जेमतेम तिसरा हिस्सा कोंबडीला मिळतो, असे धरून पिढ्यान्‌पिढ्या खाद्याचे हिशेब केले गेले, आणि उरलेली गरज डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजेच खाद्यव्यवसायातले डीसीपी, घालून भागवली गेली.

फायटेटचा उपद्रव फॉस्फरस रोखण्यापुरता नाही. त्याच्या रेणूवर अनेक ऋणभार असल्यामुळे आतड्याच्या मवाळ आम्लतेत किंवा उदासीन अवस्थेत तो जस्त, लोह, कॅल्शियम, मँगनीज यांना घट्ट धरून न विरघळणारे साके बनवतो, आणि जठरातील आम्लात प्रथिनांनाही चिकटून त्यांचे पचन मंदावतो. यातला सर्वांत बोलका पुरावा डुकरांच्या एका कातडीच्या रोगातून पुढे आला. मका आणि सोयाबीनच्या पेंडीवर वाढणाऱ्या डुकरांच्या अंगावर जाड, भेगाळलेली खपली धरत असे आणि वाढ थांबत असे. अमेरिकेतील अलाबामा येथे टकर आणि सॅमन यांनी १९५५ मध्ये हा रोग जस्ताने बरा होतो आणि खाद्यात कॅल्शियम वाढवले की तो चिघळतो, असे दाखवले. त्या खाद्यात जस्त अगदीच नव्हते असे नाही. मग ते जात कोठे होते, याचा उलगडा ओ’डेल आणि सॅव्हेज यांनी १९६० मध्ये पिल्लांवर केलेल्या प्रयोगांतून झाला: दुधातील केसीन हे प्रथिन खाणाऱ्या पिल्लांना जेवढे जस्त पुरे होते तेवढे सोयाबीनच्या प्रथिनावर वाढणाऱ्यांना अपुरे पडे, आणि केसीनच्या खाद्यात फायटिक आम्ल मिसळले की तीच टंचाई तेथेही उभी राही. फायटेट, कॅल्शियम आणि जस्त या तिघांचा मिळून आतड्यात साका होतो, हे यातून निष्पन्न झाले. पुढे हाच प्रश्न माणसांच्या, विशेषतः न आंबवलेल्या कोंडायुक्त भाकरीवर जगणाऱ्या समाजांच्या, पोषणातही महत्त्वाचा ठरला. मराठी स्वयंपाकघरात कडधान्याला मोड आणणे आणि पीठ आंबवून आंबील करणे या ज्या रीती आहेत, त्यांत दाण्यातले व सूक्ष्मजीवांचे फायटेज कामाला लागून फायटेट घटते, हा त्यांचा एक शास्त्रीय लाभ आहे.

या विकराचा शोध मात्र त्याहून कितीतरी जुना. टोकियो येथील शाही विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात उमेतारो सुझुकी आणि त्यांचे सहकारी योशिमुरा व ताकाइशी यांनी १९०७ मध्ये भाताच्या कोंड्यात फॉस्फेट सुटा करणारे विकर असल्याचे सांगून त्याला फायटेज हे नाव दिले. हेच सुझुकी काही वर्षांनी त्याच कोंड्यातून बेरीबेरीवरील द्रव्य, म्हणजे पुढे ब-१ म्हणून ओळखले गेलेले जीवनसत्त्व, वेगळे करण्याच्या कामासाठी प्रसिद्धीस आले. धान्यातल्या विकराचा पशुखाद्यात वापर होऊ शकेल ही कल्पना प्रत्यक्षात यायला मात्र साठ वर्षे लागली. अमेरिकेत टी. एस. नेल्सन आणि त्यांचे सहकारी फायटेज बाहेर टाकणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या शोधात होते. मातीतून मिळवलेल्या असंख्य जातींमधून त्यांनी ॲस्परजिलस वर्गातली एक बुरशी निवडली. १९६८ मध्ये त्यांनी या बुरशीच्या विकराने आधी प्रक्रिया केलेली सोयाबीनची पेंड पिल्लांना खाऊ घातली, आणि १९७१ मध्ये एक पाऊल पुढे जाऊन वाळवलेले विकर थेट खाद्यात मिसळले. पिल्लांच्या हाडांतील राखेचे प्रमाण वाढले. विकराने सुटा केलेला फॉस्फरस पिल्ले वरून घातलेल्या खनिज फॉस्फेटाइतक्याच चांगल्या रीतीने वापरतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. खाद्यात घातलेले विकर जिवंत पक्ष्याच्या पोटात जाऊन काम करते, ही गोष्ट या प्रयोगाने निर्विवाद ठरली.

तरीही नेल्सन यांचे संशोधन जवळजवळ वीस वर्षे बासनात राहिले. बुरशीपासून मिळणारे विकर अल्प आणि महाग होते, खनिज फॉस्फेट स्वस्त होते, आणि विष्ठेतून वाहून जाणाऱ्या फॉस्फरसची किंमत कोणी मोजत नव्हते. ही परिस्थिती नेदरलँड्समध्ये बदलली. लहानशा भूभागावर डुकरे आणि कोंबड्या दाटीने पाळल्या गेल्यामुळे तेथील जमिनीला पचेल त्यापेक्षा अधिक मलमूत्र साचू लागले, त्यातील फॉस्फरस ओढ्या-कालव्यांत उतरून शेवाळ माजू लागले, आणि १९८० च्या दशकात सरकारने मलमूत्राच्या वापरावर निर्बंध घातले. त्याच सुमारास जनुक तंत्रज्ञानामुळे बुरशीकडून मोठ्या प्रमाणात फायटेज तयार करून घेणे शक्य झाले. सिमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कमी फॉस्फरसच्या खाद्यात फायटेज मिसळल्यावर मांसल कोंबड्यांत फॉस्फरसची उपलब्धता ६० टक्क्यांच्या वर गेली आणि विष्ठेतील फॉस्फरस निम्म्याने घटला. वाढीच्या डुकरांत फॉस्फरसचे शोषण २४ टक्क्यांनी वाढले आणि विष्ठेतील प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झाले. १९९१ मध्ये हे विकर तेथे बाजारात आले. पुढे १९९८ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्याने चेसापीक उपसागराच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्यात कोंबडीखाद्यात फायटेज किंवा तशाच गुणाचा घटक घालण्याची अट घातली, आणि २००१ पासून युरोपात मांस व हाडांच्या भुकटीवर आलेल्या बंदीमुळे फॉस्फरसचा एक स्वस्त मार्ग बंद होऊन या विकराची मागणी आणखी वाढली. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले सत्य समाजाच्या गरजेची जोड मिळाल्यावर शेतापर्यंत पोहोचते, याचे हे ठळक उदाहरण होय.

फायटेजचे मोजमाप आणि त्याची पचनमार्गातली वाट या दोन बाबी वाचकाने नीट समजून घेतल्या पाहिजेत, कारण व्यवहारातल्या बहुतेक चुका तेथे होतात. पीएच ५.५ आणि ३७ अंश सेल्सिअस तापमानाला, ठरावीक तीव्रतेच्या सोडियम फायटेटमधून दर मिनिटाला एक मायक्रोमोल फॉस्फेट सुटा करणारी विकराची मात्रा म्हणजे फायटेजचे एक एकक. एक किलो कोंबडीखाद्यात साधारण ५०० एकके घालण्याचा प्रघात आहे आणि त्यातून खाद्यातला उपलब्ध फॉस्फरस ०.१ ते ०.१५ टक्क्याने वाढतो असे धरले जाते. डीसीपीत सुमारे १८ टक्के फॉस्फरस असल्यामुळे एक टन खाद्यामागे सहा-सात किलो डीसीपीची बचत होते. परंतु प्रयोगशाळेतली ही ५.५ पीएचची स्थिती कोंबडीच्या पोटात सर्वत्र नसते. दाणा प्रथम गळ्याजवळच्या अन्नपिशवीत थांबतो, तेथे आम्लता सौम्य असते. मग तो जठरात आणि पेषणी या स्नायुमय भागात जातो, तेथे ती तीव्र होते आणि पेप्सिन हे प्रथिने फोडणारे विकर फायटेजलाही, तेही प्रथिनच असल्यामुळे, फोडू पाहते. आणि लहान आतड्यात पोहोचेपर्यंत आम्लता इतकी घटलेली असते की न फुटलेले फायटेट साक्याच्या रूपात बसू लागते. म्हणजे फायटेजला काम उरकायला मिळतो तो अन्नपिशवीपासून पेषणीपर्यंतचा थोडासा वेळ. बुरशीपासून मिळालेल्या पहिल्या विकरांच्या पाठोपाठ ई. कोलाय या जिवाणूपासून आणि नंतर इतर जिवाणूंपासून जी फायटेजे काढली गेली, ती तीव्र आम्लात अधिक जोमाने काम करतात आणि पेप्सिनला अधिक दाद देत नाहीत, म्हणून त्यांना महत्त्व आले.

याच कारणाने कॅल्शियमचा हिशेब चुकला की फायटेजचा लाभ हातचा जातो. चुनखडीची भुकटी आम्ल शोषून घेते, पोटातला पीएच वाढवते आणि फायटेटशी साके बनवून विकराला त्याच्यापर्यंत पोहोचू देत नाही. खाद्य तयार करताना चुनखडी स्वस्त म्हणून सढळ हाताने घातली जाते, आणि मग विकर निष्प्रभ ठरले असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः दोष विकराचा नसून त्याच्याभोवतीच्या खनिजांच्या प्रमाणाचा असतो. दुसरी अडचण उष्णतेची. गोळीखाद्य बनवताना वाफेचे तापमान ८० ते ९० अंशांपर्यंत जाते आणि त्यात बहुतेक विकरे निकामी होतात. म्हणून आवरण दिलेले किंवा मुळातच उष्णता सोसणारे विकर निवडावे लागते, अथवा द्रवरूप विकर गोळ्या तयार झाल्यावर त्यांवर फवारावे लागते. गव्हाच्या कोंड्यात मुळातच फायटेज विपुल असते, मक्यात आणि सोयाबीनच्या पेंडीत ते नगण्य असते. तेव्हा विकराचा लाभ खाद्याच्या घटकांनुसारही बदलतो. विकराच्या पिशवीवर छापलेला आकडा सर्व ठिकाणी सारखा लागू पडेल, ही अपेक्षा शास्त्राला धरून नाही.

पचनमार्गात विकर पोहोचवण्याचा एक वेगळा मार्गही शोधला गेला. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात १९९९ मध्ये लाळेतच फायटेज तयार करणारी डुकरे जनुकीय बदलाने जन्माला घालण्यात आली. त्यांच्या विष्ठेतील फॉस्फरस ठळकपणे कमी झाला. तथापि हा प्रकल्प बाजारापर्यंत गेला नाही आणि २०१२ मध्ये तो संपुष्टात आला; खाद्यात विकर मिसळण्याचा साधा मार्ग तोवर स्वस्त आणि सर्वमान्य झाला होता. फायटेजखेरीज इतर विकरांचाही विचार ग्रंथात ओघाने येतो: बार्लीतील चिकट तंतुद्रव्य फोडणारी विकरे कोंबडीखाद्यात उपयोगी ठरतात हे १९५० च्या दशकात अमेरिकेत दिसून आले होते, आणि गव्हातील तशाच द्रव्यामुळे आतड्यातला रस घट्ट होऊन पचन मंदावते, म्हणून झायलेनेज हे विकर घालावे लागते, हे नंतर स्पष्ट झाले. भारतात कोंबडीखाद्याचा मुख्य आधार मका असल्यामुळे या विकरांचे महत्त्व फायटेजच्या मानाने दुय्यम आहे.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या बाबतीत चित्र निराळे आहे आणि महाराष्ट्रातील वाचकाने ते विशेष लक्षात ठेवावे. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोटीपोटात असंख्य सूक्ष्मजीव वस्ती करून असतात आणि ते स्वतःच फायटेज तयार करतात. त्यामुळे पेंडीतला व कोंड्यातला फायटेट-फॉस्फरस या जनावरांना बव्हंशी मिळतो आणि त्यांच्या खाद्यात फायटेज मिसळण्याची सहसा गरज पडत नाही. त्यांची अडचण वैरणीत असते. ज्वारीचा कडबा, भाताचा पेंढा, वाळलेले गवत यांत फॉस्फरस मुळातच कमी असतो, आणि पेंड-भुसा न मिळालेल्या जनावरांना त्याची टंचाई भासते. व्यालेल्या म्हशींना लालसर, कॉफीच्या रंगाची लघवी होऊन त्या अशक्त होतात, त्या विकारात रक्तातील फॉस्फरस घटलेला आढळतो. ऊसपट्ट्यात वेगळाच पेच असतो. तोडणीच्या हंगामात जनावरांना उसाचे वाढे भरपूर मिळतात, पण वाढ्यांत ऑक्झलेट हा कॅल्शियमला बांधून टाकणारा पदार्थ असतो. केवळ वाढ्यांवर राहिलेल्या दुभत्या जनावरांत म्हणूनच कॅल्शियमची उणीव दिसते. दाण्यातले फायटेट आणि वैरणीतले ऑक्झलेट यांची रसायने भिन्न असली तरी धडा एकच आहे: वनस्पतीत खनिज किती आहे याबरोबर ते कशाने बांधलेले आहे, हेही पाहावे लागते. बंगळूर येथे १९९५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया संस्थेने प्रदेशानुसार माती, वैरण आणि जनावरे यांतील खनिजांची पाहणी करून त्या त्या भागासाठी वेगळे खनिज मिश्रण सुचवण्याची जी दिशा दिली, तिचे मोल याच कारणाने मोठे आहे. एकाच सूत्राची पिशवी कोकणातल्या लाल मातीला आणि मराठवाड्यातल्या काळ्या मातीला सारखीच लागू पडत नाही.

फॉस्फरसचा प्रश्न पशुपालकाच्या खर्चापुरता मर्यादित नाही. डीसीपी ज्या फॉस्फेट खडकापासून बनते तो खडक पृथ्वीवर मर्यादित आहे, आणि त्याचा ज्ञात साठा मोठ्या प्रमाणात मोरोक्कोत एकवटलेला आहे. भारतात राजस्थानातील झामरकोटडासारख्या खाणी असल्या तरी देशाची बहुतेक गरज आयातीवर भागते. हा खडक मुख्यतः खतासाठी वापरला जातो, म्हणजे खाद्यातली उधळपट्टी शेवटी शेतकऱ्याच्या खताच्या किमतीशी स्पर्धा करते. सूक्ष्म खनिजांच्या बाबतीतही अतिरेकाची किंमत आता मोजली जाऊ लागली आहे: डुकरांच्या पिल्लांना जुलाबापासून वाचवण्यासाठी औषधी मात्रेत दिल्या जाणाऱ्या झिंक ऑक्साइडवर युरोपीय संघाने २०२२ पासून बंदी आणली, कारण न शोषले गेलेले जस्त मलमूत्रातून जमिनीत साचत राहते. कमी घालून अधिक मिळवणे, हे या शास्त्राचे ध्येय आर्थिक आहे तितकेच नैतिकही आहे.

या पार्श्वभूमीवर ग्रंथाचे वाचन कसे करावे, हे सांगणे आवश्यक आहे. पशुवैद्यक व पशुसंवर्धन शाखेच्या विद्यार्थ्यांनी खनिजांचे कोष्टक पाठ करण्याऐवजी एकूण, उपलब्ध आणि पाच्य या तीन शब्दांतला फरक मनात ठसवावा. नमुन्याच्या राखेत सापडतो तो एकूण फॉस्फरस. जनावराच्या शरीराला वापरता येतो तो उपलब्ध. आणि आतड्यातून प्रत्यक्ष शोषला गेल्याचे प्रयोगाने मोजता येते तो पाच्य. जुन्या कोष्टकांत पहिला आकडा असतो, मध्यंतरीच्या कोष्टकांत दुसरा, आणि आजचे संशोधन तिसऱ्याकडे वळले आहे. तिन्हींची सरमिसळ केली की खाद्य महागही होते आणि अपुरेही राहते. खाद्य बनवणाऱ्या कारखान्यांच्या तंत्रज्ञांनी फायटेज घातल्यावर डीसीपी कमी केली, पण चुनखडी तशीच ठेवली, असे अर्धवट बदल करू नयेत. कोंबडीपालकांनी विकराची पिशवी विकत घेताना तिच्यावरील एककांची संख्या, उष्णता सोसण्याची क्षमता आणि कालबाह्यतेची तारीख पाहावी, आणि परिणाम जोखताना केवळ वजनाकडे न पाहता पायांची बळकटी आणि कवचाची जाडीही तपासावी. दुभती जनावरे पाळणाऱ्यांनी खनिज मिश्रणाला औषध न मानता रोजच्या खुराकाचा भाग मानावे.

संशोधकांपुढेही काम पुष्कळ उरले आहे. फायटेजचे बहुतेक प्रयोग मका आणि सोयाबीन यांच्या खाद्यावर आणि थंड हवेच्या देशांत झाले. ज्वारी, बाजरी, भाताचा कोंडा, सरकी व शेंगदाण्याची पेंड यांतील फायटेट किती, त्यातले विकराने किती फुटते, आणि वैशाखातल्या उन्हात खाणे कमी झालेल्या कोंबड्यांत तो हिशेब कसा बदलतो, याचे आपल्या प्रदेशातले विश्वसनीय आकडे जमवणे आवश्यक आहे. मुंबईत १८८६ पासून पशुवैद्यकाचे शिक्षण दिले जात आहे आणि नागपूर येथे २००० मध्ये महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आहे. असा पाया लाभलेल्या राज्याने स्थानिक खाद्यघटकांतील पाच्य खनिजांची कोष्टके मराठीत तयार करून प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत पोहोचवावीत, ही अपेक्षा अवाजवी नाही. या ग्रंथाच्या वाचकांपैकी ज्यांच्या हाती प्रयोगशाळा आहे त्यांनी ती कोष्टके तयार करावीत, आणि ज्यांच्या हाती गोठा किंवा कोंबड्यांची शेड आहे त्यांनी आपल्या खाद्याची नोंद ठेवून त्या कामाला हातभार लावावा.